कुठं म्हणून विचारू नये

महाडच्या बंदरापासून महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंत परमेश्वराने जेवढा म्हणून आडमुठेपणा पेरून ठेवला होता, तो सगळा गोळा होऊन एका लॉरीच्या पुढच्या बाकावर बसला होता आणि आज घाट चढून उद्या उतरत होता. त्या माणसाला मी आमचा लॉरीवाला म्हणतो. आमचा म्हणजे लॉरी माझी होती असे नाही. ती बंदरावरच्या एका लाकडाच्या वखारवाल्याची होती. पण माझे मीठ, सुकट आणि नारळ वर न्यायचे आणि घाटावरचा गूळ, बटाटे, मिरची खाली आणायची, हे काम तिच्याकडे होते. बंदरावर दुसऱ्या लॉऱ्याही उभ्या असत, पण त्यांची भाडी ऐकली की माझ्या मस्तकाची शीर उठे. मी रायगडाच्या बाजूच्या एका वाडीतून डोक्यावर हिरड्याची पाटी घेऊन महाडात उतरलेला माणूस. दुकान उभे केले ते घासाघीस करून, कुणाच्या पाया पडून नव्हे. तेव्हा स्वस्त भाडे आणि डोकेदुखी यांचा सौदा मी वर्षानुवर्षे केला, आणि त्यात मी फसलो असे माझे आजही स्पष्ट मत आहे.

त्याचे मुख्य खूळ आधी सांगून टाकतो, कारण बाकीची सगळी खुळे त्याच्याच पोटची होती. आपल्याकडे बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे चाललात' म्हणून विचारू नये असे जुनी माणसे म्हणतात. विचारले की त्याला हटकले, आणि हटकले की काम होत नाही. फारच राहवले नाही तर 'लांब?' एवढे विचारावे. हे सगळ्यांना माहीत असते आणि सगळे ते आपापल्या सोयीने पाळतात. माझी बायको पाळते, मी पाळत नाही, आणि आमचा संसार चालतो. पण ह्या गृहस्थाने ती रीत अशी धरून ठेवली होती की जणू तिच्यावरच लॉरीची चाके बसवली आहेत. कुणी चुकून 'कुठं?' म्हणाले की तो जागच्या जागी इंजिन बंद करी. लॉरी भर बाजारात असो, पुलावर असो, मागे गाड्यांची रांग लागलेली असो. खाली उतरून सावली शोधून बसे. डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर ठेवी, पाणी पिई, मग एक विडी ओढी. तीही अशी सावकाश की विडी त्याला ओढते आहे असे वाटावे. मग रुमाल पुन्हा बांधून, लॉरीला एक फेरी घालून, हँडल मारून इंजिन चालू करी आणि नव्याने निघे. महाडच्या हद्दीत हटकले गेले तर तो लॉरी उलटी घेत बंदरापर्यंत मागे जाई आणि तिथून पुन्हा सुरुवात करी. माझे मीठ त्याच्या लॉरीत जेवढे पुढे गेले, तेवढेच मागेही आलेले आहे.

ह्या खुळाची लागण कुठवर पोचली होती म्हणता? एकदा हँडल उलटे बसून त्याचा खांदा निखळला. मी स्वतः त्याला दवाखान्यात नेले. पदरमोड करून नेले, हे मुद्दाम सांगतो. डॉक्टर पुण्याकडचे, नवे आलेले, स्वभावाने गोड. त्यांनी विचारले, "कुठं दुखतंय?" झाले. हा उठला, दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि डाव्या हाताने रुमाल सोडू लागला. डॉक्टर मला म्हणाले, "यांच्या डोक्याला मार लागला आहे का?" मी म्हटले, "जन्मतःच." शेवटी डॉक्टरांना बाहेर येऊन "दुखणं लांब आहे की जवळ?" असे विचारावे लागले, तेव्हा स्वारी आत आली. घाटाच्या पायथ्याच्या नाक्यावर तर रोजचा तमाशा असे. नाकेदाराचे कामच मुळी गाडी कुठून आली आणि कुठे चालली हे विचारण्याचे. पहिल्या आठवड्यात त्याने विचारले आणि पहिल्या आठवड्यात नाक्यावर विड्यांच्या थोटकांचा ढीग झाला. मग नाकेदाराने शहाणपण केले. लॉरी दिसली की तो नुसता घाटाकडे बोट दाखवून भुवया उडवी, हा मान डोलावी आणि गाडी सुटे. सरकारी माणसाला मुका करून ठेवणारा दुसरा कुणी इसम माझ्या पाहण्यात नाही.

लॉरीशी मात्र तो अखंड बोले. ती त्याची कोण लागत होती देव जाणे. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती आणि घर म्हणून जे काही होते ते लॉरीच्या बाकाखालच्या वळकटीत होते. "चल गो बाय, आता थोडंच ऱ्हायलं," असे तो चढणीवर म्हणे, आणि उतारावर, "धावू नको गो, पडशील." रेडिएटरमध्ये पाणी ओतताना स्वतःला तहान लागल्यासारखा चेहरा करी. भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून इंजिनाच्या झाकणावर ठेवायची, घाटमाथ्यावर पोचेपर्यंत ती गरम होते, असा त्याचा शोध होता. ती भाकरी मी एकदा खाल्ली आहे. भाकरीला तेलाचा वास येत होता आणि त्यानंतर बरेच दिवस मला तेलाला भाकरीचा वास येत होता. शिवाय रस्त्यात जी म्हणून म्हातारी पाटी घेऊन चाललेली दिसेल, तिला तो माझ्या मालावर चढवून घेई. माझ्या मिठाच्या गोणींवर कोंबड्या बसून घाट चढल्या आहेत. एका शेळीने माझ्या गुळाच्या ढेपांची वेष्टने पोलादपुरापर्यंत चवीने खाल्ली. मी भडकलो तर म्हणतो, "शेट, गूळ नाय ना खाल्ला? शेळी इमानी हाय म्हणायची."

शेट म्हणजे मी. तोंडावर तो मला मानाने शेट म्हणे आणि त्या एका शब्दात असा काही सूर लावी की ऐकणाऱ्याने माझ्याकडे पाहून हसावे. घाटातल्या वळणांना त्याने आपली नावे ठेवलेली होती. जिथे लॉरी दमायची ते सासूचे वळण. जिथून खालची खोरी दिसत आणि त्याला गाणे सुचे ते गवयाचे. आणि एका अवघड जागी, जिथे वळताना लॉरीची कड डोंगराला लागून खरवडल्याशिवाय राहत नसे, त्याचे नाव शेटचे वळण. मी विचारले, "माझं नाव का रे?" तर म्हणाला, "हिथं घासल्याबिगर कोण सुटत नाय, शेट." हे त्याने मला एकट्याला सांगितले असते तर मी सोसले असते. पण पोलादपूरच्या चहाच्या दुकानात सांगितले, आणि त्या दिवसापासून घाटातला प्रत्येक डायव्हर ते वळण माझ्या नावाने ओळखू लागला.

आता जिताड्याचे सांगतो, कारण माझी खरी तक्रार ती आहे. ती ऐकून घेतल्याशिवाय कुणी त्या माणसाची बाजू घेऊ नये.

उन्हाळ्यात महाबळेश्वरला साहेब लोक येत. तिथल्या एका मोठ्या बंगल्याचा खानसामा माझ्या ओळखीचा झाला. ओळख मी आपणहून करून घेतली होती, नारळ देऊन. त्याच्या साहेबांना ताजा मासा हवा होता. मी म्हटले, सावित्रीच्या खाडीतले जिताडे आणून देतो, असा मासा तुमच्या साहेबाने विलायतेत पाहिला नसेल. खानसामा म्हणाला, दुपारच्या स्वयंपाकाच्या आधी ताजा आणून दाखव, पसंत पडला तर साऱ्या हंगामाचा मासा तुझ्याकडून, शेजारच्या बंगल्यांचाही. मिठाच्या आणि सुकटीच्या दुकानदाराला साहेबांच्या टेबलापर्यंत पोचायची ही एकच वाट होती आणि ती मला एकदाच उघडून मिळणार होती. मी तुडीलच्या कोळ्यांना आदल्या दिवसापासून धरून बसलो. पहाटे भरतीबरोबर मासा हाती आला. काय मासा! चांदीचा पत्रा ठोकून केल्यासारखा. ओल्या गोणपाटात आणि हिरव्या पानांत गुंडाळून मी तो लॉरीत ठेवला, वर पाणी मारले, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पुढच्या बाकावर त्याच्या शेजारी चढून बसलो.

त्याआधी मी आणखी एक गोष्ट केली. मी सहसा कुणाची विनवणी करीत नाही. पण आदल्या संध्याकाळी महाडच्या बाजारात दुकानोदुकानी फिरून मी हात जोडले, की बाबांनो, उद्या सकाळी लॉरी जाईल तेव्हा तोंड उघडू नका. पोलादपूरलाही निरोप धाडला. लोकांना काय, फुकटची करमणूक. सकाळी सारा बाजार दुतर्फा उभा. कुणी पदर तोंडाशी धरलेला, कुणी उपरणे. चहावाला तोंडात पाणी धरून उभा होता आणि त्याचे गाल फुगले होते. लॉरी त्या शांततेतून अशी गेली की जणू आत देवीची पालखी आहे. पोलादपूरला एक मास्तर छत्री वर करून "कु—" म्हणाले, तोच शेजारच्या वाण्याने त्यांच्या तोंडावर हात दाबला. माझा जीव भांड्यात पडला. आमचा लॉरीवाला मात्र इकडे तिकडे बघत म्हणाला, "आज गाव आजारी हाय काय, शेट?"

पोलादपूर मागे पडले. नाकेदाराने भुवया उडवल्या. दोन्ही बाजूंना भाताची सुकी खाचरे लागली, कापडे हे गाव आले, आणि मी मनातल्या मनात साहेबाच्या टेबलावर मासा मांडू लागलो. इतक्यात गावाच्या टोकाला, जिथून रस्ता घाटाकडे वळतो तिथे, एका आंब्याच्या मुळावर बसलेली म्हातारी हात वर करून उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कुठं चाललाव रे?"

माणूस सगळ्या बाजाराची तोंडे बंद करू शकतो, पण सगळ्या कोकणाची नाही. त्याने ब्रेक लावला, इंजिन बंद केले.

मी ओरडलो, "ए म्हातारे! जीभ आवरेना का तुझी? दुसरा शब्द नाही मिळाला?"

"शेट, आवाज खाली," तो म्हणाला. एवढेच. मला वाटले आता हा तिची खरडपट्टी काढील. महाडात असेच हटकले म्हणून त्याने एका शिपायाच्या साऱ्या घराण्याचा उद्धार केलेला मी ऐकला होता. पण तो उतरला, तिच्याशेजारी मुळावर जाऊन बसला, रुमाल सोडला, आणि ज्या माणसाने आपली वाट डॉक्टरला सांगितली नाही, सरकारला सांगितली नाही, ज्याच्या लॉरीत माझा माल असूनही मला सांगितली नाही, तो बोलू लागला.

"महाबळेसराला चाललो गो आये. जिताडं हाय गाडीत. ह्यो महाडचा शेट, त्याचं. वाटंत वाडा गावाला पाणी घेईन, मग सरळ वर. सांजच्याला हिथनंच उतरंन. परवा वाईपतोर गेलो होतो. वाईच्या बाजारात बघितलं. तिथं नाय तो."

"साताऱ्याला?"

"साताऱ्याचा एक डायव्हर हाय, त्याला सांगून ठेवलंय. डाव्या भुवईवर खोक हाय म्हणून सांगितलंय."

"उजव्या रे."

"उजव्या. सांगतो त्याला, उजव्या."

म्हातारीने मान हलवली. मग माझ्याकडे पाहून, मी काही विचारले नसताना, म्हणाली, "लेक माझा. घाटावर गेला कामाला. मुंबईला गेला असता तर गाववाल्यांनी सांगितलं असतं, आमचं अर्धं गाव तिथं एका चाळीत ऱ्हातं. ह्यो वर गेला. निघाला तवा हातावर दही घातलं आणि गप ऱ्हायले. निघाल्याला कुठं म्हणून विचारू नये म्हणत्यात ना? नाय विचारलं." रस्त्याकडे बघून ती म्हणाली, "आता समद्यांना विचारते."

पण मासा थांबत नसतो. गोणपाटातून पाणी ठिबकत होते आणि ऊन खाचरांवर चढत होते. मी म्हटले, "सांगून झालं ना तिला? चल आता!" त्याने विडी काढली. रीत ती रीत, विडी झाल्याखेरीज उठायचे नाही. मी रस्त्यावर येरझारा घातल्या, त्याच्या बापाचे नाव काढले, त्याच्या लॉरीच्या आईचेही काढले. तो धुराकडे बघत म्हणाला, "शेट, मासा मेलेलाच हाय. त्याला कसली घाई?"

आम्ही बंगल्यावर पोचलो तेव्हा स्वयंपाकघराच्या चुली पेटून बराच वेळ झाला होता. खानसाम्याने गोणपाट उघडले, नाक पुढे केले आणि मागे घेतले. "शेठजी," तो म्हणाला, "ये मच्छी घाट चढते चढते बुढ्ढी हो गयी." मी माशाचे कल्ले उघडून दाखवले, शपथा घेतल्या, भाव उतरवला. मी, भाव उतरवला! त्याने पुण्याहून बर्फात घालून आलेल्या माशाकडे बोट दाखवले आणि दार लावून घेतले. त्या दारातून मी पुन्हा कधी आत गेलो नाही. उतरताना आमच्या लॉरीवाल्याने माझे जिताडे वाटेवर ओळखीच्या घरी वाटून टाकले. "फुकट जाण्यापरीस कुणाच्या तोंडी लागंल," म्हणे. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा कापड्याच्या आंब्याखाली गेला. म्हातारीने चुलीवर वास घेऊन सांगितले की मासा अगदी ताजा आहे. हे तो मला पुढे अनेक वर्षे ऐकवीत असे.

मी शपथ घेतली की पुन्हा त्याच्या लॉरीत काडीही ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॉरीवाल्याचे भाडे ऐकले आणि शपथ मोडली. हा माझा धंदा आहे, त्याच्यावरचा लोभ नव्हे.

पुढे एकदा मी वाईहून गूळ घेऊन येत होतो. पुढच्या बाकावर बसायची माझी इच्छा उरली नव्हती, म्हणून मी वर ढेपांवर ताडपत्रीच्या आडोशाला पडलो होतो. मी वर आहे हे तो विसरून गेला असावा. घाटमाथ्यावर समोरून दुसरी लॉरी आली. तिच्या डायव्हरने ओरडून विचारले, "कुठं रे, मर्दा?" आणि आमच्या ह्या शिवाशिवीच्या महाराजांनी चाक न थांबवता खुशाल उत्तर दिले, "महाडला! तू?" आणि शीळ घालीत पुढे निघाला. मला आधी कानांवर विश्वास बसेना. मग मी ताडपत्री फेकून वरून गर्जलो, "अरे! हटकलं की तुला!" लॉरी असा झोका खाऊन थांबली की एक ढेप माझ्या पोटावर आली. मग दार उघडले. तो उतरला, वर माझ्याकडे पाहिले, आणि चोर सापडल्यासारखे तोंड करून भर उन्हात दगडावर जाऊन बसला. रुमाल सोडला. विडी पेटवली. मी ढेपांवर मांडी घालून त्याच्यासमोर बसलो आणि विडी पुरी होईपर्यंत त्याला हलू दिले नाही. इतके सुख मला साऱ्या धंद्यात दुसऱ्या कुठल्या सौद्याने दिलेले नाही. "विसरलो, शेट," तो म्हणाला. मीही ते खरे मानले. भाव करताना समोरच्याचे डोळे वाचणारा मी, पण तिथे माझेही लक्ष त्याची फजिती बघण्यातच गुंतले होते.

मग लॉरीवर लॉऱ्या आल्या, पोटात माणसे घेऊन धावणाऱ्या सर्व्हिस मोटारी आल्या, आणि वखारवाल्याने आपली जुनी लॉरी घाटावरच्या कुणा दलालामार्फत विकून टाकली. ती पोचवायला आमचा लॉरीवालाच जाणार होता. त्या सकाळी तो माझ्या दुकानी आला. लॉरी बाहेर धुऊन पुसून उभी, आणि वळकटी बाकाखाली न ठेवता बाकावर ठेवलेली. एरवी ती सदा बाकाखाली असे, हे माझ्या ध्यानात आले. त्याने सुकट घेतली. आम्ही रीतसर भांडलो. तो म्हणाला सुकटीत वाळूच जास्त आहे, मी म्हटले तुझ्या डोक्यापेक्षा कमीच आहे. मग तो रुमाल नीट करून पायरी उतरला. मला विचारायचे होते. पण त्याचे खूळ सगळ्या महाडला ठाऊक, मलाही ठाऊक. लॉरी बंद पडेल, तो पायरीवर बसेल, गिऱ्हाईक अडेल. म्हणून मी रीतीचे तेवढेच विचारले, "लांब?"

तो म्हणाला, "लांब, शेट."

आणि हँडल मारून, "चल गो बाय," म्हणून निघून गेला.

तो परत आला नाही. मी काही दिवसांनी वखारवाल्याला गाठले. तो म्हणाला, मी लॉरी विकली, माणूस विकला नाही, तो कुठे गेला मला काय ठाऊक? दलालाचे नाव सांगेना. बंदरावर विचारले, पोलादपूरच्या चहाच्या दुकानात विचारले. सगळ्यांचे उत्तर एकच. निघताना भेटला होता, पण कुठं म्हणून कसे विचारणार? त्या खुळाने त्याने साऱ्या मुलखाची तोंडे अशी बांधून ठेवली होती की त्याचा पत्ता लागेल असा एकही माणूस मागे उरला नाही.

त्यानंतर एकदा सर्व्हिस मोटारीतून घाटावर जात होतो. कापड्याच्या टोकाला म्हातारी हात वर करून उठली. "कुठं चाललाव रे?" डायव्हरने भोंगा वाजवला आणि तिच्यावर धूळ उडवून मोटार पुढे काढली. मागे वळून पाहिले तर ती दुसऱ्या गाडीसाठी तशीच उभी होती. आणि तेव्हा, त्या वळणावर, मला एक गोष्ट सुचली, आणि ती इतक्या उशिरा सुचली म्हणून मला स्वतःचा नाही, त्याचाच आणखी राग आला. मी दुकानदार आहे. एखाद्या गरिबाला दोन मुठी जास्त घालायच्या असतील आणि बाकीच्या गिऱ्हाइकांनी कुरकुर करायला नको असेल, तर मी त्या दिवशी सगळ्यांनाच सांगतो, आज माझ्या देवाचा वार आहे, सगळ्यांना वाढीव. कुणी हिशेब विचारीत नाही. भाड्याच्या गाडीत दुसऱ्याचा माल घेऊन निघालेल्या माणसाला एका म्हातारीसाठी रोज थांबता येत नाही. पहिल्याच दिवशी मालक विचारील, माझ्यासारखा शेट शिव्या देईल. पण ज्याला कुणीही 'कुठं' म्हटले की थांबावेच लागते, अशा खुळ्याला कोण काय म्हणणार? बाजार हसतो आणि सोडून देतो. एका थांब्यासाठी त्याने सगळीकडे थांबून दाखवले. डॉक्टरच्या दारात, नाक्यावर, पुलावर. लॉरी बंदरापर्यंत मागे नेली ती माझ्याच मिठासकट. साऱ्या मुलखाने त्याला मूर्ख म्हटले आणि त्याने ते नाव कधी नाकारले नाही. घाटमाथ्यावर मी वरून ओरडलो तेव्हा तो चोरासारखा का दिसला, ते मला त्या मोटारीत कळले.

म्हणजे त्याला हटकण्याची भीती कधी नव्हतीच. त्या सकाळी पायरीवर मी सरळ 'कुठं?' म्हणून विचारले असते तर त्याने सांगितले असते. जिताडे मी एक वेळ सोडून देईन. हे मी त्याला सोडणार नाही.

परतताना मी मोटार थांबवायला लावली. प्रवासी कुरकुरले, मी त्यांच्याहून मोठ्याने कुरकुरलो आणि उतरलो. म्हातारीने मला ओळखले. तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. ती म्हणाली, "शेट, तो लॉरीवाला कुठं रे?" मी म्हटले, "लांब गेलाय." ती म्हणाली, "तू पण नाय विचारलंस व्हय?"

हल्ली माझ्या दुकानासमोरूनच लॉऱ्या भरून घाटाकडे निघतात. एखाद्या डायव्हरने हँडल मारले की मी गल्ल्यावरून उठून पायरीवर येतो आणि ओरडून विचारतो, "कुठं चाललास रे?" कुणी साताऱ्याला म्हणतो, कुणी पुण्याला, कुणी कोल्हापूरला. ज्याने सांगितले त्याला मी निरोप देतो, की तिथे कुणी लॉरीशी गो गो करून बोलणारा दिसला तर सांग, महाडचा शेट जिताडे विसरलेला नाही. आणि उजव्या भुवईवर खोक असलेला कापड्याचा माणूस दिसला तर त्याचे काय सांगायचे तेही सांगतो. ऐकणारे थोडे. बहुतेक जण कपाळाला हात लावतात. "सकाळी सकाळी हटकलं ह्यानं!" म्हणून मला शिव्या घालतात. बाजारात माझे नाव हटक्या शेट पडले आहे. गाड्या भरणारे हमाल डायव्हरला सांगतात, तो पायरीवर यायच्या आत निघ. माझी बायको म्हणते, या वयात हे काय आरंभले आहे, लोक दुकानाची वाट टाळतील. टाळू देत.

मी रोज विचारतो. शिव्या मिळतात, भोंगे मिळतात, धूळ मिळते. अजून एकानेही इंजिन बंद केलेले नाही.